मॅनिटोबा विद्यापीठांतील आइसलँडी ग्रंथसंग्रह

घरोघरचीं जुनीं बाडें कोणासाठीं राखावयाचीं, असा प्रश्न संग्राहकांस नेहमीं पुसला जातो. त्याचें एक बोधप्रद उत्तर कॅनडांतील विनिपेग शहरीं मिळतें.

इ. स. १८७० पासून १९१४ पर्यंत आइसलँड बेटांतून पंधरा हजारांवर माणसें अमेरिकाखंडांत गेलीं. कडक हिवाळे, दारिद्र्य आणि १८७५ सालचा आस्क्या ज्वालामुखीचा उद्रेक हीं त्याचीं प्रमुख कारणें होत. त्याच सालीं ऑक्टोबरांत त्यांचा एक तांडा विनिपेग सरोवराच्या पश्चिम तीरीं उतरला. वसाहतीस त्यांनीं 'नवें आइसलँड' म्हटलें व गांवास 'गिमली' हें नांव दिलें. गिमली म्हणजे, त्यांच्या पुराणकथेनुसार, प्रलयानंतर सज्जनांस लाभणारें दिव्य सदन होय. पुढच्याच वर्षीं देवीची सांथ येऊन त्यांतील शंभराहून अधिक माणसें दगावलीं. शेजारच्या मूळ रहिवाशांचा तर मोठाच संहार झाला. तथापि १८७७ च्या सप्टेंबरांत या लोकांनीं 'फ्रामफारी' हें स्वभाषेंतील वृत्तपत्र सुरू केलें. तें १८८० त बंद पडलें. पुढें १८८६ त 'हेम्सक्रिंग्ला' व १८८८ त 'लोग्बेर्ग' हीं पत्रें निघालीं. १९५९ सालीं तीं एकत्र झालीं. पहिल्याचें नांव स्नोरीच्या राजचरित्रग्रंथाचें, दुसऱ्याचें प्राचीन लोकसभेंतील निर्बंधशिलेचें. देश सुटला, परंतु स्मृति सुटली नाहीं, हें या दोन नांवांवरूनच दिसतें.

मॅनिटोबा विद्यापीठांतील संग्रहाचा पाया १९३६ सालीं एका खाजगी ग्रंथदानानें घातला गेला. आज त्यांत वीस हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. उत्तर अमेरिकेंत याहून मोठा असा आइसलँडी संग्रह कॉर्नेल विद्यापीठाचाच होय. तो विलर्ड फिस्क या एका विद्वानानें जन्मभर वेंचला व १९०४ सालीं मृत्युपत्रानें दिला. दोहोंत भेद आहे. विद्वानाच्या संग्रहावरून काय संग्राह्य मानिलें गेलें तें कळतें. वसाहतवाल्यांच्या पेट्यांतून आलेल्या पुस्तकांवरून शेतकऱ्याच्या घरीं काय वाचलें जात होतें तें कळतें. इतिहासास दुसरें ज्ञान अधिक दुर्मिळ असतें.

मात्र आजोबांचें पुस्तक नातवास वाचतां न आलें, तर तें अडगळींत जावयास वेळ लागत नाहीं. हें ओळखून त्या समाजानें वर्गणी जमवून १९५१ सालीं त्याच विद्यापीठांत आइसलँडी भाषेचें अध्यासन स्थापविलें. त्याचे पहिले अध्यापक फिन्नबोगी गुडमुंडसोन हे पुढें आइसलँडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख झाले.

ग्रंथालय कागद वांचवितें. भाषा वांचविण्यास वाचक घडवावा लागतो. यावरून संग्राहकांनीं दोन गोष्टी घ्याव्या. पोथी कोणत्या घरांतून आली याची नोंद पोथीइतकीच जपावी. आणि तिच्यासाठीं कपाट शोधतांना तिची लिपि व भाषा जाणणारा एक तरी तरुण तयार करावा.