फरशीखालचा कोंबडा

लाखांदूरसारख्या गावात घराची दुरुस्ती निघाली की न्हाणी-संडासाला नव्या टाइल्स बसवण्याचा विचार हल्ली होतोच. रंग कोणता, नळ कोणता यावर घरात चर्चा होते. फरशीखाली काय आहे, यावर फारशी होत नाही. देखणेपणा आणि सोय यांची ही ओढाताण जुनी आहे. तिचा इतिहास थोडक्यात पाहू.

१७७५ साली लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात भांड्याखालची नळी ‘एस’ अक्षरासारखी वळवलेली होती. वळणात थोडे पाणी कायम अडकून राहते आणि खालचा दुर्गंधी वायू वर येऊ शकत नाही. आपले गवंडी या वळणाला ‘कोंबडा’ म्हणतात.

पुढे भांडी नक्षीदार झाली, पण ती लाकडी पेटीत बसवलेली असत. पेटीत ओल आणि घाण साचे. १८८० च्या दशकात टॉमस ट्वायफर्डने अखंड चिनी मातीचे, पेटीविना उभे राहणारे भांडे बाजारात आणले. त्यावरही फुलापानांची नक्षी असे. मात्र आता सर्व बाजूंनी पुसता येत होते.

आपल्या खेड्यांत गटारेही नव्हती आणि दर वेळी ओतायला दहा-बारा लिटर पाणीही नव्हते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणारे संडास बांधून दाखवले. १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’ने दोन खड्ड्यांच्या संडासाचा प्रसार केला. त्याच्या भांड्याचा उतार तीव्र असतो आणि कोंबड्यात फक्त २० मिलिमीटर पाणी राहते. त्यामुळे दीड-दोन लिटर पाणी पुरते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिल्यातल्या मैल्याचे दोनेक वर्षांत खत होते.

हे वळवण्याचे काम एका लहानशा चेंबरमध्ये होते. नूतनीकरणात घोटाळा होतो तो इथेच. अंगण सुंदर दिसावे म्हणून चेंबर आणि खड्ड्यांची झाकणे फरशीखाली गाडली जातात. मग खड्डा बदलता येत नाही. काही जण खड्डे बुजवून सेप्टिक टाकी बांधतात आणि तिचे झाकणही फरशीखाली जाते. टाकी तुंबली की कोणाला तरी आत उतरवले जाते. आत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू असतात; त्यांनी माणसे दगावतात. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. चुलबंद-वैनगंगेच्या या भातपट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पावसाळ्यात भूजल वर येते, म्हणून खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत पुरेसे अंतर हवे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरा आणि एका टोकाने हळूच फुंका. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत २० मिलिमीटर फरक पडायला सुमारे २०० पास्कल दाब पुरतो. वातावरणाच्या दाबाच्या हा जेमतेम पाचशेवा भाग. कोंबडा एवढ्याच बळावर वायू अडवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पाणी आटले की शाळेच्या संडासाला वास येऊ लागतो. एक तांब्या पाणी ओतले की तो थांबतो.

तेव्हा टाइल्स अवश्य निवडाव्यात. फक्त गवंड्याला आधी विचारावे: कोंबडा कुठे आहे, चेंबर कुठे आहे, आणि उद्या तो उघडायचा कसा?