पाचारण आणि परवानगी : कल्याण-ठाण्याच्या किनाऱ्यावरील एका रीतीची कुळकथा

ईश्वर आपल्याला एखाद्या विशिष्ट सेवेसाठी बोलावत आहे, ही व्यक्तीच्या मनातील खात्री मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘पाचारण’ या नावाने ओळखली जाते. आणि ही सेवा स्वदेश सोडून समुद्रापलीकडे जाऊन करावयाची असेल, तर त्या पाचारणाला मिशनरी पाचारण म्हणतात. ही खात्री एकट्या व्यक्तीची असली, तरी तिला प्रतिसाद देण्याची रूढ रीत मात्र सामुदायिक आहे, कारण इच्छुकाने आपली इच्छा वरिष्ठांपुढे मांडायची, त्यांनी त्याची पारख करायची आणि परवानगी मिळाल्यावरच त्याने निघायचे, असा तिचा क्रम आहे. हा क्रम कसा घडला आणि त्यातील परवानगीचा भाग वेळोवेळी कोणाच्या हाती राहिला, याचे काही महत्त्वाचे टप्पे कल्याण, ठाणे आणि शेजारच्या वसईच्या इतिहासात सापडतात.

यांतील सर्वांत जुना टप्पा कल्याणचा आहे. सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस इंडिकोप्लिउस्टस याने ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख केला असून, तेथून तांबे, लाकडाचे ओंडके आणि कापड निर्यात होत असे आणि तेथे पर्शियात नेमलेला बिशप, म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख, राहत असे, अशी नोंद त्याने केली आहे. हे बंदर म्हणजे आजचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. पर्शियाच्या आखाताकडे ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वस्तीबरोबर धर्मगुरूही येत, त्यामुळे या टप्प्यात एखाद्या व्यक्तीच्या अंतःप्रेरणेपेक्षा दूरच्या धर्मपीठाने केलेली नेमणूक ठळकपणे दिसते. पर्शियाच्या चर्चच्या पूर्व-सिरियाक उपासनापरंपरेचा वारसा सांगणाऱ्या सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला; मात्र तो केरळातून महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या कुटुंबांसाठी होता, प्राचीन कल्याणच्या बिशपपदाशी त्याचे सलग नाते नाही.

अंतःप्रेरणा आणि परवानगी यांची लेखी सांगड असिसीच्या फ्रान्सिसने घातली. त्याच्या संघाच्या नियमावलीला पोप तिसरा होनोरियस याने १२२३ मध्ये मान्यता दिली, आणि तिच्या बाराव्या प्रकरणात अशी तरतूद आहे की, ज्या बंधूंना मुस्लिमांमध्ये किंवा अन्य ख्रिस्तेतरांमध्ये जाण्याची ईश्वरी प्रेरणा होईल त्यांनी आपल्या प्रांतप्रमुखाची परवानगी मागावी, आणि प्रांतप्रमुखाने जे योग्य वाटतील त्यांनाच ती द्यावी. प्रेरणा नाकारायची नाही, पण केवळ तिच्या भरवशावर कोणाला निघूही द्यायचे नाही, असा तोल येथे साधलेला दिसतो.

या नियमाखाली निघालेले चार फ्रान्सिसकन १३२१ मध्ये ठाण्यास पोहोचले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफलिसचा दिमित्रियस अशी त्यांची नावे असून, त्यांच्यासोबत जोर्दानुस नावाचा डोमिनिकन संघाचा फ्रेंच धर्मगुरूही होता. थॉमसने पूर्वी आर्मेनियात काम केले होते आणि चीनमधील मिशनची पत्रे युरोपात पोपपर्यंत पोहोचवली होती. होर्मूझहून निघालेले हे प्रवासी दक्षिणेकडील कोल्लमला जाणार होते, परंतु वाटेत ते ठाण्याच्या बंदरात उतरले. त्या काळी ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पर्शियाच्या चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि त्यांपैकी एका घरात या पाहुण्यांची सोय झाली. त्या घरातील नवराबायकोचे भांडण काझीपुढे गेले, बायकोने झालेल्या मारहाणीचे साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावे घेतली, आणि चौकशीला धर्मचर्चेचे वळण लागून वाद इतका विकोपाला गेला की एप्रिल १३२१ मध्ये चौघांनाही ठार करण्यात आले. जोर्दानुस त्या वेळी ठाण्यात नव्हता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे ओदोरिक या फ्रान्सिसकन प्रवाशाने त्यांच्या अस्थी सोबत घेऊन त्या चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या, आणि जोर्दानुसला पोपने कोल्लमचा बिशप नेमले.

पोर्तुगीज अमलात परवानगीचे यंत्र अधिक व्यवस्थित झाले. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या येशूसंघाच्या काही सदस्यांनी पोप पाठवील तेथे जाण्याचे खास व्रत स्वीकारले, आणि ‘इंडीज’ला जाऊ इच्छिणारे तरुण सदस्य रोममधील संघप्रमुखाला विनंतीपत्रे लिहू लागले. अशी हजारो पत्रे आजही जतन करून ठेवलेली आहेत. ती लिहिणाऱ्या बहुसंख्य इच्छुकांना मात्र कधीच जहाजावर पाऊल ठेवता आले नाही.

या यंत्राची दुसरी बाजू वसईच्या गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रातून कळते. १५५६ च्या सुमारास पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेले गोन्सालो येशूसंघीयांच्या सहवासात वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षकाचे काम करीत राहिले. तरीही येशूसंघात प्रवेश मिळण्याची त्यांची आशा फळाला आली नाही. काही काळ व्यापार केल्यावर ते फिलिपिन्समधील मनिला येथे गेले आणि तेथील फ्रान्सिसकन संघाने त्यांना ‘बंधू’ म्हणून, म्हणजे गुरुदीक्षा न घेतलेला व्रतस्थ सदस्य म्हणून, स्वीकारले. जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे १५९३ मध्ये फ्रान्सिसकन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारल्या गेलेल्या सव्वीस जणांत त्यांचा समावेश होता. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून त्यांची नोंद झाली.

पुढच्या शतकात ही अडचण वैयक्तिक न राहता सामाजिक झालेली दिसते, कारण युरोपीय धर्मसंघ गोव्यातील देशी धर्मगुरूंना सहसा प्रवेश देत नसत. त्यामुळे गोव्यातील काही धर्मगुरूंनी ओरेटरी नावाची स्वतःची संस्था काढली. बाणावलीशी नाते असलेले जुझे वाझ १६८५ मध्ये तिच्यात आले, तिला त्यांनी नियमबद्ध केले आणि १६८७ मध्ये ते वेषांतर करून, कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव असलेल्या डच अमलाखालील श्रीलंकेत शिरले. येथे पाठवणारी संस्थाही देशी होती आणि राज्यकर्त्यांची परवानगी तर मुळीच नव्हती.

प्रॉटेस्टंट पंथीयांत धर्मसंघ नसल्याने परवानगी देणारे मंडळ नव्यानेच उभारावे लागले. अमेरिकेतील काही धर्मविद्यार्थ्यांच्या अर्जावरून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड स्थापन झाले आणि त्याने पाठवलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत धाडण्याचे हुकूम काढले होते; अखेर त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली. १८१८ मध्ये आलेले त्यांचे सहकारी जॉन निकोल्स यांनी ठाण्यात केंद्र चालवले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील मिशनविषयक आदेशपत्रातही मिशनरी पाचारण ही विशेष हाक मानली असून, ती आलेल्यास अधिकृत सत्तेने पाठवले पाहिजे, ही अट कायम ठेवली आहे. म्हणजे फ्रान्सिसच्या नियमावलीतील दोन्ही भाग अजूनही शाबूत आहेत. मात्र या किनाऱ्याचा इतिहास असे सांगतो की पाचारण कोणालाही होऊ शकत असे, पण परवानगी देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनीच या रीतीचे स्वरूप ठरवले. म्हणून गोन्सालोंना दुसरा संघ शोधावा लागला, गोव्याच्या धर्मगुरूंना स्वतःची संस्था काढावी लागली आणि हॉल यांना कायदा बदलेपर्यंत थांबावे लागले.