घाटाचा सांधा आणि राउटरची आज्ञा

पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना कर्जत स्टेशनांत मागून जादा इंजिनें जोडतात. तेवढ्या अवकाशांत प्रवासी वडे घेतात आणि गाडी सुटली कीं तो थांबा विसरतात. मला मात्र आज त्या थांब्यापासूनच आरंभ करावयाचा आहे. कारण ज्या राउटर नांवाच्या पेटीविषयीं मी बोलणार आहें, तिचें मर्म मला प्रथम उमगलें तें या घाटाच्या सांध्यावरून.

१२ मे १८५६ रोजीं लोहमार्ग कल्याणहून खोपोलीस पोंचला. पुणें ते खंडाळा हा तुकडा १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. मधला घाट प्रवाशांनीं पालखींतून नाहीं तर तट्टावरून ओलांडावा, अशी व्यवस्था होती. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्यानें आंखलेल्या चढावर २५ बोगदे खोदावे लागले. कांहीं ठिकाणीं चढ ३७ फुटांस एक फूट इतका उभा. सॉलोमन ट्रेडवेल या मक्तेदाराचा १८५९ मध्यें मृत्यु झाला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता आपल्या हातीं घेऊन काम तडीस नेलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं मार्ग खुला झाला. त्यांत किती मजूर कामास आले, त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत.

या उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर काय? त्यासाठीं जागोजागीं चढावर नेणाऱ्या आडवाटा आहेत. त्यांस कॅच सायडिंग म्हणतात. त्यांतली खुबी अशी कीं, सांधा एरव्हीं त्या आडवाटेकडेच लावलेला असतो. खालीं येणारी गाडी थांबली, ताब्यांत आहे असें दिसलें, म्हणजेच तिला मुख्य मार्ग मिळतो. न सांगतां मिळते ती अटकाव; वाट मिळते ती मागून.

लोहमार्गासोबत तारही आली. हिंदुस्थानांत तारखातें १८५५ मध्यें सर्वसामान्य लोकांसाठीं खुलें झालें. जोडठाण्यावर बसलेला तारमास्तर आलेला संदेश उतरून घेई, पत्ता पाही आणि योग्य त्या तारेवर पुन्हां कडकट्ट करून पुढें पाठवी. संदेश कोणाचा, आंत सुख कीं दुःख, याच्याशीं त्याला कर्तव्य नसे. पत्ता आणि पुढची तार एवढेंच त्याचें जग. २०१३ च्या जुलैंत आपली तारसेवा बंद झाली. पण त्याचें काम संपलें नाहीं. तें एका पेटीनें घेतलें.

ती पेटी म्हणजे राउटर. तिची पूर्वज १९६९ मध्यें अमेरिकेंत अर्पानेट या जाळ्यावर बसली. त्या वर्षीं २९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसहून ‘लॉगिन’ हा शब्द धाडूं गेले, तों दोन अक्षरें पोंचतांच पलीकडचें यंत्र कोसळलें! आपल्याकडे १९८६ मध्यें एर्नेटचा प्रकल्प निघाला. मुंबईच्या जुहूचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यांत होतें. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वांस खुलें केलें.

चित्रांवर बोट ठेवून सर्व कामें होत असतां या पेटीस अजून अक्षरांनीं आज्ञा कां द्याव्या लागतात, असें मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास विचारलें. तो हेंच काम करतो. त्यानें काळा पडदा उघडला. प्रथम कोनाचें चिन्ह दिसलें; त्या अवस्थेंत केवळ पाहतां येतें. ‘एनेबल’ म्हणून संकेतशब्द दिला कीं चिन्ह बदलतें आणि अधिकार येतो. मग ‘कॉन्फिगर टर्मिनल’. नव्या राउटरचीं द्वारें बहुधा बंदच असतात. ‘नो शटडाऊन’, म्हणजे ‘बंद ठेवूं नकोस’, असें नकाराचा नकार करून सांगावें तेव्हां द्वार उघडतें. व्याकरणाच्या मास्तरास याची गंमत वाटल्यावांचून कशी राहील? आज्ञा दिल्या क्षणीं लागू होते, पण ती जतन केली नसेल तर वीज जातांच पुसली जाते. आणि कर्जत-खालापुरांत पावसाळ्यांत वीज जाते, हें कोणास सांगावयास नको.

“गुरुजी, लिहिलेलें वाचतां येतें, पडताळतां येतें, दुसऱ्या पेटीसाठीं उतरवून घेतां येतें,” तो म्हणाला. “पण चूकही तितक्याच चोख पाळली जाते.”

मग त्यानें आपलीच चूक सांगितली. खालापूर तालुक्यांतील एका संस्थेच्या राउटरवर तो कर्जतहून, दुरूनच, प्रवेशाची यादी बसवीत होता: याला येऊं द्यावें, त्याला येऊं द्यावें. अशा यादीच्या शेवटीं ‘बाकी सर्वांस मनाई’ ही ओळ न लिहितांही गृहीत असते. यादींत तो स्वतःच्या यंत्राचा पत्ता घालावयास विसरला, आणि दोन आज्ञा एकदम धाडल्यामुळें तीच यादी जतनही झाली. तत्क्षणीं त्याचीच वाट तुटली. जतन केली नसती तर शिपायाकडून पेटी बंद-चालू करवून भागलें असतें. आतां भर पावसांत खोपोलीच्या रस्त्यानें जाऊन पेटीस तार लावणें आलें. तोंवर संस्थेचें सारें काम ठप्प!

तेव्हांपासून बदल करण्याआधीं तो ‘रीलोड इन टेन’ अशी आज्ञा देतो: दहा मिनिटांनीं आपण होऊन पुन्हां सुरू हो आणि जतन केलेली जुनी मांडणी घे. वाट तुटलीच तर पेटी स्वतःच मागें येते. माझ्यासमोर त्यानें ती आज्ञा दिली, यादी बसविली, घाम पुसून दोनदां जोडणी तपासली आणि आठव्या मिनिटास ‘रीलोड कॅन्सल’ लिहून मग मांडणी जतन केली.