लक्षणांविना संसर्ग आणि 'अकारण' वंध्यत्व

वर्षभर संततिनियमनाचे कोणतेही साधन न वापरता नियमित संबंध असूनही गर्भ राहत नाही. बीजनिर्मिती व्यवस्थित, गर्भनलिका मोकळ्या, पतीच्या वीर्याचा अहवालही निर्दोष. अशा वेळी 'अकारण वंध्यत्व' असे निदान लिहिले जाते. वास्तविक कारण नसते असे नव्हे. नेहमीच्या तपासण्यांना ते सापडलेले नसते.

लक्षणांविना होणारा जननमार्गाचा संसर्ग हे असे एक कारण. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. ४५ टक्के स्त्रियांची मात्र काहीही तक्रार नव्हती, आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के. गडचिरोली दूर म्हणून मावळ-लोणावळ्याच्या वाचकांनी निर्धास्त राहू नये. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे ही दुखणी अंगावर काढण्याची सवय इकडेही अपरिचित नाही.

क्लॅमिडिया हा जिवाणू बहुधा मूकपणेच राहतो. त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा जो दाह निर्माण करते, त्यानेच गर्भनलिकेला व्रण पडतात. नलिका क्ष-किरण चित्रात मोकळी दिसली, तरी आतील सूक्ष्म रोम निकामी झालेले असू शकतात. रक्तातील प्रतिपिंडे पूर्वीच्या संसर्गाची खूण देतात, हानीचा पुरावा देत नाहीत. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयही असाच छुपा असतो, हे विसरून चालत नाही.

शुक्रजंतुविरोधी प्रतिपिंडांचा बोलबाला मात्र वाजवीपेक्षा अधिक झाला. ती स्त्री-पुरुष दोघांतही आढळतात; परंतु त्यांच्यामुळेच गर्भ राहत नाही, हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी महागड्या चाचण्या वा स्टेरॉइड घेण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

प्रतिजैविकांनी संसर्ग जातो, पडलेले व्रण भरून येत नाहीत. म्हणून उपचार लवकर हवेत. ते पती-पत्नी दोघांनीही एकाच वेळी घ्यावयाचे असतात. एकट्या पत्नीने औषध घेतल्यास संसर्ग पुन्हा होतो. अनेक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये सल्ला व औषधे विनामूल्य मिळतात.