काटा कोकराला, हिशेब कासेचा

आटपाडी, जत, माण या पट्ट्यात मेंढीच्या अंगावर लोकर असणं ही आता अडचण झाली आहे. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून कातरलेली लोकर बऱ्याच ठिकाणी बांधावरच टाकून देतात. भाव आहे तो माडग्याळीला. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी ही मेंढी उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तांबूस डाग असलेली. तिच्या अंगावर लोकर नसते, आखूड केस असतात. डिसेंबर २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने तो दिला नाही, ही बातमी देशभर गाजली.

माझी नोकरी याच भागातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली, पशुधन पर्यवेक्षक म्हणून. लोकरीची मेंढी मागे पडली आणि केसाची पुढे आली, हे सगळं माझ्या देखत घडलं.

जुनी मेंढी म्हणजे काळी दख्खनी. वर्षातून दोनदा कातरली तरी किलोभर लोकर निघायची नाही, आणि निघायची तीही राठ. पण धनगराने कातरायचं, बायकांनी सूत काढायचं आणि सनगराने घोंगडं विणायचं, या साखळीवर गावंच्या गावं जगत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवाच्या दारी तिचा मान अजून आहे, बाजारात मात्र राहिला नाही. सरकारी प्रयत्नांची दिशाही पूर्वी लोकरीचीच होती. मेरिनो आणि रॅम्बुलेचे परदेशी नर आणून दख्खनीची लोकर मऊ करायची, असा तो बेत. तो उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपात रुजला नाही. त्या काळात कोकराचं वजन कोणी विचारत नसे.

पुढे गिरणीचं ब्लँकेट स्वस्त झालं, शहरांत मटणाची मागणी वाढली आणि हिशेब उलटा झाला. तीन-चार महिन्यांचं कोकरू हेच धनगराचं पीक ठरलं. व्यापारी मेंढरांच्या वाड्यावर येतो, कोकराच्या पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवतो, कमरेजवळ मांस किती भरलंय ते चाचपतो, पुढचे पाय धरून उचलतो आणि आकडा सांगतो. त्या अंगठ्याखाली माडग्याळी कोकरू उजवं ठरू लागलं. दख्खनीचं कोकरू जन्मतः तीन किलोच्या आतबाहेर असतं, माडग्याळीचं त्याहून थोडं जड, आणि अंगही लवकर धरतं. मग जो तो माडग्याळी नर शोधू लागला.

आम्ही ताणकाटा आणि गोणपाटाची झोळी घेऊन वाड्यांवर जायचो. कोकरू झोळीत घालायचं, काटा वाघरीच्या, म्हणजे वाड्याभोवतीच्या जाळीच्या, खुंटाला अडकवायचा, धडपड थांबली की आकडा लिहायचा. एका वाड्यावरचे म्हातारे आबा हे सगळं बघत बसायचे. एकदा म्हणाले, "साहेब, काटा कोकराला कशाला लावताय? त्याच्या आईच्या कासंला लावा की."

आमच्या वह्यांतही शेवटी तेच उमटलं. पहिला महिना-दीड महिना कोकरू वाढतं ते आईच्या दुधावर. पहिलटकरणीचं कोकरू हलकं, तिसऱ्या-चौथ्या वेताचं भरदार. नर मादीपेक्षा जड. जुळं झालं की दोघंही मागे पडतात, म्हणून कळपात चार शेळ्या असतात; धाकट्याला शेळीच्या सडाला लावतात. पण सगळ्यांत मोठा फरक पाडतो तो हंगाम. मृगाच्या कोवळ्या गवतावर मेंढी फळली तर पाच महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे व्याते. नेमका तेव्हाच वाडा सोडून कळप ओल्या मुलखाकडे निघालेला असतो. वाटेत काढलेल्या रानांत पाला मिळतो, आईला दूध येतं, आणि चालता न येणारी कोकरं घोड्यावर बसून जातात. तेच कोकरू ऐन पावसात जन्मलं तर चिखल, जंत आणि न्यूमोनिया. उन्हाळ्यात जन्मलं तर आईची कास आटलेली. वर्षभराचं स्थलांतर मुळात या वेळापत्रकावरच बेतलेलं होतं.

दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट काढली. सुंदरबनातल्या इवल्याशा गारोळ मेंढीत जुळ्यांचा जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमधून तोच तिकडच्या बूरूला मेरिनोत उतरला, असं मानलं जातं. गारोळीचा हा जनुक दख्खनीत आणून संस्थेने 'सुवर्णा' मेंढी तयार केली. पण दोन कोकरं जगवायची तर आईला दूधही हवं, म्हणून पश्चिम आशियातल्या दुधाळ अवासी मेंढीचं रक्तही त्यांनी वापरलं. फिरून आबा म्हणाले होते त्या कासेपाशीच आलो.

आज टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागांना कुंपणं पडली, गायरानं आक्रसली. मोठ्या हाडाच्या मेंढ्याचं कोकरू मोठ्या भुकेचं असतं, आणि ती भूक भागवायला दाणा विकत आणावा लागतो. म्हातारे धनगर अजून सांगतात की लांबच्या वाटेला आणि पावसाच्या झडीला दख्खनीच टिकते. म्हणून नराची बोली लावायला निघालेल्या पोरांना माझं एकच सांगणं असतं. मेंढ्याचं नाक बघून झालं की त्याची आई कुठे आहे ते विचारा. तिने किती वेतं काढली, कोणत्या महिन्यात व्याली आणि काय खाऊन दूध दिलं, ते विचारा. याचं उत्तर मालकाला देता येत नसेल, तर पिशवीची गाठ सोडू नका.