सोळा वर्षांचे आकडे आणि संगणकाची परीक्षा

१/ स्प्रेडशीटमध्ये आकडे भरावेत, 'लाइनेस्ट' हे सूत्र द्यावे आणि क्षणात दशांश चिन्हापुढे दहा अंकांपर्यंत उत्तर मिळावे, हे आज सवयीचे झाले आहे. परंतु नेटके दिसणारे उत्तर बरोबर असतेच असे नाही. हे ठळकपणे उघड झाले १९६७ साली.

२/ किमान वर्ग पद्धती लजांद्र याने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. १८०९ मध्ये गाउसने तिची मांडणी करून आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचा दावा केला. पुढे दीर्घकाळ ही आकडेमोड हाताने किंवा टेबलावरील गणनयंत्रावर होत असे. संगणक आला आणि हे कष्ट संपले, अशी समजूत झाली.

३/ अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेम्स लाँगली यांनी ही समजूत तपासली. त्यांनी आपल्या देशातील १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांची रोजगारसंख्या घेतली. तिच्याशी सहा घटक जोडले : किंमतपातळी, राष्ट्रीय उत्पन्न, बेकारी, सैन्यसंख्या, १४ वर्षांवरील लोकसंख्या आणि वर्ष. उत्तर आधी हाताने काढले, मग तेच आकडे प्रचलित प्रोग्रॅमना दिले.

४/ प्रोग्रॅमची उत्तरे एकमेकांशीही जुळेनात. काहींचा पहिलाच अंक चुकला, तर काही ठिकाणी चिन्हच उलटले. म्हणजे रोजगार वाढवणारा घटक कागदावर तो घटवणारा ठरला. अशा आकड्यावर धोरण बेतले गेले, तर त्याची किंमत मोजणार कोण?

५/ कारण आकड्यांच्या स्वभावात होते. युद्धोत्तर काळात किंमती, उत्पन्न, लोकसंख्या सारेच वर्षागणिक एकत्र चढत गेले. कोणाचा वाटा किती, हे वेगळे करणे अवघड झाले. नेहमीच्या समीकरणपद्धतीत ही अडचण वर्गाच्या पटीने वाढते. जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते, पुढचे अंक कटतात आणि मागे उरतो तो पूर्णांकनाचा गाळ.

६/ उपाय मात्र तयार होता. हाउसहोल्डर (१९५८) आणि गोलब (१९६५) यांनी 'क्यूआर' विघटनाची वाट दाखवली होती. एक्सेलच्या 'लाइनेस्ट'मध्ये ती पोहोचली २००३ च्या आवृत्तीत. त्याआधी स्थिरांक शून्य धरल्यास 'आर-वर्ग' ऋणही येऊ शकत असे.

७/ अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेने लाँगलींचे आकडे प्रमाणित उत्तरांसह खुले ठेवले आहेत. कोणतेही सॉफ्टवेअर त्यांवर पारखता येते. तेथील स्थिरांक आहे −३४,८२,२५८.६३. हा प्रचंड आकडा येतो, कारण रेषा इसवी सनाच्या 'शून्य' वर्षापर्यंत मागे ताणली जाते. प्रत्येक वर्षातून १९४७ वजा केल्यास फक्त स्थिरांक बदलतो, बाकीचे सहगुणक तेच राहतात आणि गणनेवरचा ताण हलका होतो.

८/ १९७६ मध्ये बीटन, रुबिन आणि बॅरोन यांनी पुढचा प्रश्न विचारला. छापील आकडे मुळात पूर्णांकित होते. शेवटच्या अंकापलीकडे किंचित फेरफार करताच उत्तरे मोठ्या प्रमाणात बदलली. म्हणजे गणित अचूक असूनही निष्कर्ष डळमळीतच होता.

९/ म्हणून उत्तर विचित्र दिसल्यास आधी स्तंभांचे परस्परसंबंध पाहावेत. मग एखादी ओळ वगळून गणित पुन्हा करावे. तेवढ्याने चिन्ह उलटले, तर सॉफ्टवेअर बदलून भागणार नाही. त्या आकड्यांत मागितलेले उत्तर नाही, हे मान्य करावे लागते.