ऊसबिल, बँकेचा मेसेज अन् फसवे इंग्रजी शब्द. नेमका अर्थ काय?

कोल्हापूर : ऊस गेला की काट्याची पावती येते, मग बिल, मग बँकेचा मेसेज. त्यातल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ चुकला की हिशेबही चुकतो. नेहमी घोळ होणारे शब्द असे :

रिम्युनरेटिव्ह : एफआरपीतला 'आर'. अर्थ किफायतशीर, मोबदला देणारा. बरेच जण 'रिन्युमरेटिव्ह' म्हणतात, लिहितात, ते चूक. स्पेलिंगमध्ये आधी 'एम', मग 'एन'. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे.

रिकव्हरी : कारखान्यात याचा अर्थ साखर उतारा, बँकेत कर्जवसुली. उतारा वाढला तर दर वाढतो. बिलात रिकव्हरीपुढे टक्के असतील तर उतारा, रुपये असतील तर बहुधा कपात.

ग्रॉस, टेअर, नेट : काट्यावर ग्रॉस म्हणजे गाडीसकट वजन, टेअर म्हणजे रिकाम्या गाडीचं, नेट म्हणजे निव्वळ उसाचं. दरातही तसंच. ग्रॉस एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा झाली की उरते ती नेट. ३,५५० हा आकडा ग्रॉस आहे, तेवढे हातात पडत नाहीत.

ड्यू आणि ओव्हरड्यू : ड्यू म्हणजे देय, ओव्हरड्यू म्हणजे मुदत उलटून थकलेलं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागू होतं.

प्रिन्सिपल : शेवटी 'पीएएल' असेल तर कर्जाची मुद्दल किंवा शाळेचे मुख्याध्यापक. 'पीएलई' असेल तर तत्त्व. बँकेच्या कागदावर 'पीएएल'च हवं.

क्रेडिट आणि डेबिट : खात्याच्या मेसेजमध्ये क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे पैसे गेले. पण किसान क्रेडिट कार्डातलं क्रेडिट म्हणजे कर्ज, ते फेडायचं असतं.

पे आणि रिसीव्ह : पे म्हणजे देणे, रिसीव्ह म्हणजे मिळणे. "बिल जमा करायचंय, पिन टाका" असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.